‘इंटरेस्ट’ : व्याज, रस आणि हितसंबंध

गृहकर्जाचे काही हप्ते थकलेल्या एखाद्या कुटुंबाला बँकेची नोटीस येते. नोटीस इंग्रजीत असते. तिच्या शिरोभागी ज्या कायद्याचा उल्लेख असतो, त्याच्या लांबलचक नावाच्या अखेरीस ‘एन्फोर्समेंट ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट’ असे शब्द येतात. घरातील शिकलेसवरलेले कोणीतरी ती वाचायला घेते, ‘इंटरेस्ट’ या ओळखीच्या शब्दापाशी थांबते आणि सांगते, ‘व्याजाविषयी काहीतरी आहे.’ थकलेले व्याज भरले की प्रकरण मिटेल, अशी समजूत करून घेतली जाते आणि नोटीस कपाटात जाते. वस्तुतः त्या ठिकाणी या शब्दाचा अर्थ व्याज नसतो. ‘सिक्युरिटी इंटरेस्ट’ म्हणजे कर्जासाठी तारण दिलेल्या मालमत्तेवर, म्हणजे त्या घरावरच, बँकेला मिळालेला हक्क. साठ दिवसांत देणे फेडले नाही, तर हा हक्क बजावला जाईल, असे ती नोटीस सांगत असते.

मराठी बोलण्यात ‘इंटरेस्ट’ हा शब्द इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ कोणी कोशात पाहत नाही. ‘मुलाला गणितात इंटरेस्ट नाही’, ‘बँकेत इंटरेस्ट कमी मिळतो’ ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. पहिल्या वाक्यात अर्थ रस किंवा गोडी, दुसऱ्यात व्याज. या दोन अर्थांवर बहुतेकांचे काम भागते. परंतु या शब्दाला तिसरा अर्थ आहे : एखाद्या गोष्टीत गुंतलेला आपला हक्क, हिस्सा किंवा हितसंबंध. खरेदीखत, मृत्युपत्र, विमा, न्यायालयाचा निकाल, शासकीय आदेश या सर्वांत हाच अर्थ असतो. बोलण्यात तो सर्वांत कमी येतो आणि कागदावर तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

शब्दाचे मूळ

या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘इंतेर’ म्हणजे मध्ये आणि ‘एस्से’ म्हणजे असणे. ‘इंतेरेस्से’ म्हणजे शब्दशः ‘मध्ये असणे’. त्यावरून ‘फरक पडणे’, ‘महत्त्वाचे असणे’ असा अर्थ झाला. एखाद्या व्यवहारात जो मध्ये आहे, त्याला त्या व्यवहाराच्या परिणामाने फरक पडतो. शब्दाचे पुढचे सगळे अर्थ या एका कल्पनेतून निघाले आहेत.

रोमन कायद्यात करार मोडल्यामुळे एका पक्षाला जो फरक पडला, म्हणजे जे नुकसान झाले, त्याच्या भरपाईसाठी हा शब्द वापरला जाई. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती धर्मसंस्थेने कर्जावर व्याज घेण्यास मनाई केली होती. अशा व्याजाला ‘उसूरा’ म्हणत आणि ते पाप मानले जाई. मात्र ऋणकोने ठरल्या वेळी पैसे परत केले नाहीत आणि त्यामुळे धनकोचे नुकसान झाले, तर त्या नुकसानीची भरपाई मागण्यास हरकत नव्हती. या भरपाईचे नाव ‘इंतेरेस्से’. निषिद्ध व्याज आणि मान्य भरपाई यांतील अंतर हळूहळू कमी होत गेले आणि भरपाईचे सभ्य नाव व्याजालाच मिळाले. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५४५ साली झालेल्या कायद्याने दहा टक्क्यांपर्यंत व्याज घेण्यास मुभा दिली.

इंग्रजीतील अर्थांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तो कायदेशीर हक्क आणि हितसंबंध या अर्थाने. व्याज हा अर्थ सोळाव्या शतकातला. कुतूहल, गोडी किंवा रस हा अर्थ त्यानंतरचा, अठराव्या शतकात रुळलेला. मराठी माणसाच्या ओळखीचा क्रम याच्या नेमका उलट आहे. सर्वांत नवा अर्थ आपल्या तोंडी सर्वांत अधिक असतो आणि सर्वांत जुना अर्थ आपल्याला परका वाटतो.

व्याज आणि कळंतर

मराठीतील ‘व्याज’ या शब्दाचा प्रवासही कमी लक्षणीय नाही. संस्कृतात ‘व्याज’ म्हणजे निमित्त, बहाणा किंवा कपट. वरवर निंदा करून स्तुती करणे किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा करणे, या अलंकाराला ‘व्याजस्तुती’ म्हणतात, तो याच अर्थाने. ‘निर्व्याज प्रेम’ म्हणजे निष्कपट प्रेम. त्याचा कर्जाच्या व्याजाशी संबंध नाही. ज्या कर्जावर व्याज नाही, त्याला ‘निर्व्याज’ न म्हणता ‘बिनव्याजी’ म्हणण्याची मराठीची रीत आहे. व्याजासाठी संस्कृतात ‘वृद्धि’ आणि ‘कुसीद’ हे शब्द होते. मनुस्मृतीत ‘चक्रवृद्धि’ असा शब्द येतो. आजच्या मराठीतील ‘चक्रवाढ’ त्याचेच रूप.

जुन्या मराठीत व्याजासाठी ‘कळंतर’ असा आणखी एक शब्द होता. संस्कृत ‘कलांतर’वरून तो आला. मराठीतून तो जवळजवळ गेला असला, तरी कोकणीत तो आजही जिवंत आहे. गोव्याशी दीर्घकाळ संबंध आलेल्या पोर्तुगीज भाषेत तर या दोन कल्पनांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. कर्जावरील व्याजाला ‘जुरुश’ आणि हित किंवा रस या अर्थी ‘इंतेरेस’. मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांत व्याजाचा आणि हिताचा शब्द निराळा असल्यामुळे वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. कोणता अर्थ घ्यायचा, हे तिथे मागच्यापुढच्या शब्दांवरून ठरवावे लागते.

व्याज या अर्थाने

कर्जाच्या किंवा ठेवीच्या संदर्भात ‘इंटरेस्ट’ नेहमी एकवचनी असतो. ‘बँक इंटरेस्ट्स’ असे अनेकवचन करून व्याज हा अर्थ सांगता येत नाही. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल, ‘सिंपल इंटरेस्ट’ म्हणजे सरळव्याज आणि ‘कंपाउंड इंटरेस्ट’ म्हणजे चक्रवाढ व्याज. दहा हजार रुपये दहा टक्के दराने तीन वर्षे ठेवले, तर सरळव्याजाने ते १३,००० होतात आणि दरवर्षी चक्रवाढ धरल्यास १३,३१०. मुदत लांबत जाते, तसा हा फरक वाढत जातो. ‘ॲक्रूड इंटरेस्ट’ म्हणजे साचलेले, परंतु अद्याप हाती न पडलेले व्याज. बचत खात्यावरील व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर मोजले जाते.

व्याजाचा दर ऐकताना तो महिन्याचा की वर्षाचा, हे आधी विचारावे. खासगी व्यवहारात ‘शेकडा दोन’ म्हणजे बहुधा दरमहा दोन टक्के, म्हणजेच वर्षाला चोवीस टक्के. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के आकारणी असेल, तर वर्षाचा दर बेचाळीस टक्के होतो. कार्डाची ‘इंटरेस्ट-फ्री’ मुदतही सशर्त असते. पूर्ण बिल मुदतीत भरले, तरच ती लागू होते. केवळ किमान रक्कम भरून उरलेली थकवली, तर ही सवलत जाते.

दुसरा सावधानतेचा शब्द ‘फ्लॅट’. एक लाख रुपयांचे कर्ज बारा टक्के ‘फ्लॅट’ दराने एका वर्षासाठी घेतले, तर व्याज १२,००० रुपये आणि मासिक हप्ता सुमारे ९,३३३ रुपये होतो. दरमहा मुद्दल कमी होत असतानाही व्याज मूळ एक लाखावरच मोजलेले असते. तेच कर्ज बारा टक्के दराने, परंतु घटत्या शिलकीवर मिळाले, तर हप्ता सुमारे ८,८८५ रुपये येतो आणि वर्षाचे व्याज सुमारे ६,६१९ रुपये. बारा टक्क्यांचा ‘फ्लॅट’ दर घटत्या शिलकीच्या हिशेबाने साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. आकडा तोच असला, तरी ऋणकोच्या खिशातून जाणारी व्याजाची रक्कम जवळजवळ दुप्पट होते.

‘झिरो पर्सेंट इंटरेस्ट’ अशा जाहिरातींविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना समज दिली होती. अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपवलेले असते, असे तिचे म्हणणे होते. कर्जाचा खरा भार एका दृष्टिक्षेपात कळावा, म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदती कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणे बंधनकारक झाले आहे. त्यात व्याज आणि इतर आकार मिळून होणारा वार्षिक टक्केवारी दर लिहिलेला असतो. जाहिरातीतील ‘इंटरेस्ट रेट’ न पाहता हा दर पाहावा.

एका शब्दाच्या बदलाने किती फरक पडतो, याचे उदाहरण याच क्षेत्रात आहे. हप्ता चुकल्यास पूर्वी ‘पीनल इंटरेस्ट’, म्हणजे दंडव्याज, आकारले जाई. ते मूळ व्याजदरात मिळवले जात असल्यामुळे दंडावरही व्याज चढे. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकाने ही पद्धत बंद केली. आता ‘पीनल चार्जेस’, म्हणजे दंडात्मक आकार, घेता येतो. त्याची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. ‘इंटरेस्ट’ हा शब्द काढून ‘चार्जेस’ हा शब्द घातल्याने ऋणकोचा बोजा हलका झाला.

व्याजावरील व्याजाचा प्रश्न करोनाकाळातही उभा राहिला. मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती. त्या काळातील व्याजावर व्याज किंवा दंडव्याज घेऊ नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी दिला. ऋणकोला असे संरक्षण देण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कोणत्याही एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा हिंदू धर्मशास्त्रातील नियम ‘दामदुपट’ या नावाने मुंबई इलाख्यातील न्यायालये पाळत असत. ज्या शब्दाने एके काळी ऋणकोला आधार दिला, तोच आज ‘दामदुप्पट योजना’ या रूपात ठेवीदारांच्या फसवणुकीच्या बातम्यांत वाचायला मिळतो.

हक्क या अर्थाने

आता तिसरा अर्थ. मालमत्तेच्या कागदपत्रांत ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट’ अशी शब्दत्रयी हमखास आढळते. मराठीत तिचा अर्थ ‘हक्क, मालकी व हितसंबंध’. खरेदीखतात विकणारा हे तिन्ही खरेदीदाराला देतो. हक्क सोडण्याच्या दस्तात वारस हे तिन्ही सोडून देतो. आपल्या वाट्याला काही यायचे आहे की नाही, हे ठाऊक नसताना ‘नुसती सही’ म्हणून अशा दस्तावर अंगठा उमटवणारी बहीण किंवा सही करणारा परगावचा भाऊ या एका ओळीने आपला वाटा गमावून बसू शकतो. या ओळीत पैशाचा, व्याजाचा किंवा मोबदल्याचा उल्लेख असतोच असे नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ यात हा शब्द वारंवार येतो. कलम ५८ प्रमाणे गहाण म्हणजे कर्जाच्या परतफेडीची हमी म्हणून विशिष्ट स्थावर मालमत्तेतील ‘इंटरेस्ट’चे हस्तांतरण. म्हणजे घर गहाण ठेवताना मालक घरात राहतो, पण घरातील हक्काचा एक भाग धनकोकडे जातो. कलम ५४ त्याहून महत्त्वाचे आहे. त्यानुसार विक्रीचा करार, म्हणजे पुढे विक्री करण्याचे वचन, स्वतःहून त्या मालमत्तेत कोणताही ‘इंटरेस्ट’ निर्माण करत नाही. विसार दिला, करारनामा झाला, किल्लीही हाती आली, तरी नोंदणीकृत खरेदीखत होईपर्यंत खरेदीदार मालक होत नाही. केवळ करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या आधारे झालेली ‘विक्री’ मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ‘सूरज लॅम्प’ खटल्यात स्पष्ट केले. करारनाम्यावर आयुष्याची पुंजी लावणाऱ्यांनी कलम ५४ मधील हा शब्द ‘व्याज’ असा वाचला, तर त्या वाक्याचा काहीच अर्थ लागणार नाही. तो ‘हक्क’ असा वाचला, तर तेच वाक्य धोक्याची सूचना ठरते.

भाडेकरू आणि परवानाधारक यांतील भेदही याच शब्दावर उभा आहे. भाडेपट्ट्याने मालमत्तेत ‘इंटरेस्ट’ निर्माण होतो. ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारातील परवान्याने तो होत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ५२ मध्ये परवान्याची व्याख्याच तशी केली आहे. दोघेही दरमहा पैसे देऊन त्याच खोलीत राहतात. पण एकाला त्या जागेत मर्यादित का होईना हक्क असतो आणि दुसऱ्याला केवळ तेथे असण्याची परवानगी.

गोव्यात या शब्दाला आणखी एक बाजू आहे. येथील नागरी कायद्यानुसार लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीच्या मालमत्तेला सामाईक मालमत्तेचा नियम लागू होतो आणि प्रत्येकाचा निम्मा अविभक्त हिस्सा धरला जातो. स्थावर मालमत्ता विकताना दोघांचीही संमती लागते ती यामुळेच. कागदावर नाव एकाचे असले, तरी दुसऱ्याचा ‘इंटरेस्ट’ तेथे असतो. जमिनीचे कागद तपासताना केवळ नाव पाहून भागत नाही. त्या नावामागे कोणाकोणाचे हितसंबंध आहेत, हे पाहावे लागते.

‘व्हेस्टेड इंटरेस्ट’ या जोडशब्दाने तर नेहमीच घोटाळा होतो. राजकीय भाषणात ‘व्हेस्टेड इंटरेस्ट’ म्हणजे एखाद्याचा दडलेला स्वार्थ. अनेकवचनात तोच ‘प्रस्थापितांचे हितसंबंध’ होतो. कायद्यात मात्र त्यात निंदा नाही. कलम १९ प्रमाणे जो हक्क आजच पक्का झालेला आहे, तो ‘व्हेस्टेड इंटरेस्ट’. त्याचा ताबा पुढे मिळणार असला आणि ताबा मिळण्यापूर्वी हक्कदार मरण पावला, तरी तो हक्क बुडत नाही. याउलट कलम २१ प्रमाणे एखादी अनिश्चित घटना घडली, तरच जो हक्क मिळणार, तो ‘कंटिंजंट इंटरेस्ट’, म्हणजे संभाव्य हक्क. ‘पत्नीच्या हयातीनंतर घर मुलाचे’ आणि ‘मुलाचे लग्न झाले, तरच घर त्याचे’ या दोन वाक्यांत हाच भेद आहे.

पुन्हा त्या नोटिशीकडे

सुरुवातीस उल्लेखिलेल्या नोटिशीतील कायद्याचे पूर्ण नाव ‘सिक्युरिटायझेशन अँड रिकन्स्ट्रक्शन ऑफ फायनान्शियल ॲसेट्स अँड एन्फोर्समेंट ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट ॲक्ट, २००२’. व्यवहारात त्याला ‘सरफेसी’ म्हणतात. कर्जखाते अनुत्पादक ठरल्यावर कलम १३(२) खाली बँक नोटीस देते आणि संपूर्ण देणे साठ दिवसांत फेडण्यास सांगते. ऋणकोने लेखी हरकत घेतली आणि बँकेला ती मान्य नसेल, तर पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. मुदत उलटल्यावर कलम १३(४) खाली बँक न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. अशा कारवाईविरुद्ध कलम १७ खाली ऋण वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागण्यास पंचेचाळीस दिवसांची मुदत असते. शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू नाही. सहकारी बँकांना तो लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला.

नोटीस कपाटात ठेवणाऱ्या कुटुंबाच्या हातून जातात ते हेच साठ दिवस. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज एवढेच ठाऊक असल्यामुळे हरकत नोंदवण्याची, तडजोडीची किंवा वकिलाचा सल्ला घेण्याची वेळ निघून जाते.

न्यायालय, विमा आणि सार्वजनिक जीवन

न्यायालयात ‘इंटरेस्टेड विटनेस’ असा शब्दप्रयोग होतो. त्याचा अर्थ खटल्यात रस घेणारा साक्षीदार असा नाही. खटल्याच्या निकालात ज्याचे हित गुंतले आहे, तो हा साक्षीदार. मृताचा नातेवाईक आणि हितसंबंधी साक्षीदार एकच नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. १९५३ च्या ‘दलीप सिंग’ खटल्यातील निकालाचा रोख असा होता, की जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध्याला गोवण्याची शक्यता सहसा कमीच असते. १९८१ च्या ‘कल्की’ खटल्यातही निकालापासून ज्याला लाभ होणार, त्यालाच हितसंबंधी म्हणावे, असे न्यायालयाने म्हटले. मुलाच्या खुनाचा साक्षीदार असलेल्या आईची साक्ष केवळ ती आई आहे म्हणून बाजूला सारता येत नाही, ती या भेदामुळे.

विम्यात ‘इन्शुरेबल इंटरेस्ट’ म्हणजे विमा उतरवण्यास आवश्यक असलेला हितसंबंध. जी वस्तू नष्ट झाल्याने आपले नुकसान होते, तिचाच विमा आपण उतरवू शकतो. शेजाऱ्याच्या घराला लागलेल्या आगीने दुःख होते, पण त्या घराचा विमा आपल्याला उतरवता येत नाही. कंपनी कायद्यात संचालकाने आपला ‘इंटरेस्ट’ जाहीर करावा लागतो. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये ही तरतूद आहे. ज्या कंत्राटात त्याचे स्वतःचे हित आहे, त्याविषयी मंडळापासून ते लपवता येत नाही. ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’, म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष, तो हाच. भरतीच्या मुलाखतीला पुतण्या बसला असताना काकांनी परीक्षक म्हणून बसू नये, हे ग्रामपंचायतीपासून विद्यापीठापर्यंत सर्वांना कळते. इंग्रजीत त्याला हे नाव आहे, इतकेच.

‘पब्लिक इंटरेस्ट’ म्हणजे जनहित. ‘पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन’ला मराठीने ‘जनहित याचिका’ असा नेमका पर्याय दिला आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ८(२) मध्ये हा शब्द दोनदा येतो. माहिती उघड करण्यातील जनहित हे संरक्षित हितसंबंधांच्या हानीपेक्षा मोठे असेल, तर माहिती देता येते, असे ते कलम सांगते. जनतेला ज्यात रस आहे, ते सारे जनहिताचे असतेच असे नाही. नटनटींच्या घटस्फोटात लोकांना रस असतो, पण त्यात जनहित नसते. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या कंत्राटात बहुतेकांना रस नसतो, जनहित मात्र तेथेच असते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इंटरेस्ट’ येतो. मराठीत ‘रस’ आणि ‘हित’ वेगळे असल्याने हा भेद आपोआप स्पष्ट होतो.

वृत्तपत्रांतील निविदा-सूचनांत ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’ असा मथळा असतो. त्याला ‘स्वारस्य अभिव्यक्ती’ म्हणतात. काम करण्याची इच्छा कळवणे एवढाच त्याचा अर्थ. त्याने काम मिळाल्याचा हक्क उत्पन्न होत नाही.

रस या अर्थाने

बोलण्यातील ‘इंटरेस्ट’साठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. अभ्यासात गोडी, संगीतात रुची, वाचनात रस, समाजकार्यात आस्था, निकालाविषयी उत्सुकता, सुचवलेल्या स्थळात स्वारस्य. प्रत्येक शब्दाची जागा वेगळी आहे. ‘इंटरेस्टिंग’साठीही प्रसंगानुसार रंजक, रोचक, लक्षवेधी, कुतूहलजनक असे शब्द आहेत. ‘इंटरेस्ट’ हा एकच शब्द सगळीकडे वापरला, की बोलणे सोपे होते, पण या छटा पुसल्या जातात.

इंग्रजी बोलताना होणाऱ्या चुका मात्र निराळ्या. ‘मला या नोकरीत रस आहे’ हे सांगण्यासाठी ‘आय ॲम इंटरेस्टेड इन धिस जॉब’ असे म्हणावे. ‘आय ॲम इंटरेस्टिंग’ म्हटले, तर ‘मी मोठा रंजक माणूस आहे’ असा अर्थ होतो. ज्याला रस वाटतो, तो ‘इंटरेस्टेड’ आणि ज्यामुळे रस वाटतो, ते ‘इंटरेस्टिंग’. ‘इंटरेस्टेड’नंतर ‘इन’ हे अव्यय येते, ‘फॉर’ किंवा ‘ऑन’ नव्हे. अर्जात छंदांची यादी देताना ‘इंटरेस्ट्स’ असे अनेकवचन चालते. उच्चारात मधला स्वर बहुधा गळतो आणि ‘इंट्रस्ट’ असे ऐकू येते.

‘अनइंटरेस्टेड’ आणि ‘डिसइंटरेस्टेड’ हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस नाही असा, उदासीन. ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणजे ज्याचे हित गुंतलेले नाही असा, तटस्थ किंवा त्रयस्थ. काळजीपूर्वक लिहिणारे हा भेद पाळतात. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’ असावा, ‘अनइंटरेस्टेड’ असू नये. त्याला खटल्यात स्वार्थ नसावा, पण लक्ष मात्र पुरते असावे. तंटा सोडवायला बसलेल्या गावच्या पंचालाही हीच अपेक्षा लागू पडते.

अर्थ कसा ओळखावा

कागदावर हा शब्द दिसला, की आजूबाजूचे शब्द पाहावेत. दर, टक्के, मुद्दल, मुदत हे शब्द जवळ असतील, तर अर्थ व्याज. राइट, टायटल, शेअर, प्रॉपर्टी, सिक्युरिटी हे शब्द जवळ असतील, तर अर्थ हक्क किंवा हितसंबंध. पब्लिक, नॅशनल, ‘इन द इंटरेस्ट ऑफ’ असे शब्द असतील, तर अर्थ हित. व्यक्तीच्या मनाविषयी बोलणे चालले असेल, तर रस. एकाच कर्ज करारनाम्यात पहिले दोन्ही अर्थ शेजारशेजारच्या परिच्छेदांत येऊ शकतात. पानभर व्याजाचे दर वाचून कंटाळलेला डोळा पुढच्या पानावरील ‘सिक्युरिटी इंटरेस्ट’ही त्याच अर्थाने वाचून पुढे जातो. सही करण्यापूर्वी तेथे थांबावे आणि बँकेच्या अधिकाऱ्याला किंवा वकिलाला एकच प्रश्न विचारावा : येथे व्याज म्हटले आहे, की माझ्या घरावरील हक्क?